फोटोची मागची बाजू

फोटो हातात आला की आपण चेहरा बघतो. जुन्या फोटोंची पारख असलेला माणूस मात्र आधी तो उलटा करतो. मागे कसला शिक्का आहे, पेन्सिलीने काही लिहिलं आहे का, सही आहे का, कागद जाड आहे की प्लास्टिकसारखा गुळगुळीत, कडा पिवळ्या पडल्यात का, हे सगळं पाहून झालं की मग तो पुढची बाजू बघतो.

पेटलेल्या गिटारपुढे गुडघे टेकून बसलेला जिमी हेंड्रिक्स किंवा काळोखातून चेहरा वर काढणारा फ्रेडी मर्क्युरी, हे फोटो आज कोणालाही मोबाइलवर फुकट बघता येतात. टी-शर्टवर, चहाच्या मगवर ते छापलेले असतात. तरीही रॉक संगीताच्या अशाच गाजलेल्या फोटोंची एखादी कागदी प्रत लिलावात आपल्याकडच्या लाखो रुपयांच्या भावाने विकली जाते. चेहरा तोच, क्षणही तोच. मग पैसे मोजले जातात ते कशाचे?

हा प्रश्न मला पडला तो लंडन-न्यूयॉर्कच्या दालनात नव्हे, तर चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीडजवळच्या माझ्या आजोळी. तिथे ओसरीच्या भिंतीवर एक कृष्णधवल फोटो आहे. झाडीपट्टीतल्या एका नाटकाची मंडळी. मधोमध राजाच्या पोशाखात एक जण, शेजारी ऑर्गनवाला, आणि डाव्या टोकाला ढोलक घेऊन बसलेला माझा तरुण मामा. एकूण सात माणसं. कितीतरी पावसाळ्यांची ओल खाऊन फोटो काचेला चिकटला आहे. मामाला विचारलं, फोटो कोणी काढला? तो म्हणाला, "कोनं काढलन, मले याद नाही बा." फ्रेम उघडून मागची बाजू पाहिली. कोरी होती.

बंदिश आणि मैफल

फिल्मवर फोटो काढायच्या काळात कॅमेऱ्यातून हाती यायची ती निगेटिव्ह. पांढरं तिथे काळं, काळं तिथे पांढरं. तिचा फोटो व्हायचा अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याच्या उजेडात. एन्लार्जरमधून निगेटिव्हची प्रतिमा कागदावर पाडायची. कागदावर जिलेटिनचा थर, त्यात चांदीचे क्षार. उजेड लागलेला कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये बुडवला की क्षारांची चांदी होते आणि कोऱ्या कागदातून चेहरा हळूहळू वर येतो. मग आम्लाच्या पाण्यात बुडवून ती क्रिया थांबवायची, हायपोमध्ये प्रतिमा पक्की करायची आणि शेवटी वाहत्या पाण्यात भरपूर धुवायचं. काळी छटा म्हणजे शाई नव्हे. ते चांदीचे अतिसूक्ष्म कण असतात. म्हणूनच अशा प्रतीला सिल्व्हर जिलेटिन प्रिंट म्हणतात.

यातली प्रत्येक पायरी हाताची आहे. एन्लार्जरखाली चेहऱ्यावर तळहाताची सावली धरली की तो भाग उजळ येतो. एखादा कोपरा जास्त वेळ उजेडात ठेवला की तो गडद होतो. त्यामुळे एकाच निगेटिव्हच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या होत नाहीत. अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स तरुणपणी पियानोवादक व्हायला निघाले होते. ते निगेटिव्हला स्वरलिपीची आणि प्रिंटला प्रत्यक्ष वादनाची उपमा देत. आपल्या भाषेत सांगायचं तर निगेटिव्ह ही बंदिश आणि प्रिंट ही मैफल. बंदिश तीच असली तरी सकाळची मैफल वेगळी आणि रात्रीची वेगळी. अॅडम्स यांनी १९४१ साली हर्नांडेझ या गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला आणि पुढची कित्येक वर्षं त्याच्या प्रती केल्या. सुरुवातीच्या प्रतींतलं करडं आभाळ नंतरच्या प्रतींत काळंभोर होत गेलं. संग्राहक पैसे मोजतो ते या मैफलीचे.

पाचगणीचा फारूख

रॉक संगीताच्या फोटोंच्या इतिहासात महाराष्ट्राचाही एक धागा आहे. झांझिबारला ५ सप्टेंबर १९४६ रोजी जन्मलेल्या फारूख बलसारा या पारशी मुलाला आईवडिलांनी आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवलं. त्याचं बालपण सातारा जिल्ह्यातल्या या गावात, वसतिगृहात गेलं. तो तिथे पियानो शिकला आणि १९५८च्या सुमारास चार मित्रांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला. त्यातले फरांग इराणी पुढे पुण्यात उपाहारगृह चालवत होते, व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावर पोचले, डेरिक ब्रांच अभिनेते झाले. फारूखचं कुटुंब १९६४ साली इंग्लंडला गेलं आणि तिथे तो फ्रेडी मर्क्युरी झाला.

फ्रेडीचा जो फोटो जगाच्या डोळ्यांत बसला, तो मिक रॉक या छायाचित्रकाराचा. 'क्वीन' या वाद्यवृंदाचा दुसरा अल्बम मार्च १९७४ मध्ये आला. त्याच्या वेष्टनासाठी रॉक यांनी 'शांघाय एक्स्प्रेस' या १९३२ सालच्या चित्रपटातला मार्लिन डीट्रिखचा एक फोटो समोर ठेवला. वरून पडणारा उजेड, डोळ्यांखाली आणि गालांखाली दाट सावली, बाकी सगळा अंधार. तसाच अंधार त्यांनी क्वीनच्या चौघांभोवती धरला. फ्रेडी मान मागे टाकून, छातीवर हात दुमडून उभा आहे. पुढच्या वर्षी 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या चित्रफितीत हीच रचना जिवंत झाली आणि घरोघरी पोचली.

आता पाचगणीच्या त्या पोरांचा शाळेतला एक फोटो घेऊ. पुढे तो क्वीनवरच्या पुस्तकांतून छापला गेला. समजा, कोणी त्याची प्रत आणून म्हणालं, ही त्याच काळातली, मूळ प्रत आहे. खरं की खोटं कसं ओळखायचं? कागदाला हात लावून. कृष्णधवल फोटोसाठी प्लास्टिकचा लेप दिलेला कागद बाजारात आला तो १९७०च्या आसपास. त्याआधीचा कागद नुसता कागद असायचा. त्याला धुवायला तासभर लागायचा आणि वाळताना तो पन्हाळीसारखा वळायचा. प्लास्टिकचा कागद काही मिनिटांत धुऊन होतो आणि सपाट राहतो. म्हणजे पाचगणीच्या फोटोची प्रत प्लास्टिकच्या कागदावर असेल, तर ती त्या काळातली असूच शकत नाही. निगेटिव्ह जुनी असेल, प्रत मागाहूनची आहे.

क्षण पकडणारी माणसं

या फोटोंमागच्या माणसांना त्या काळी आपण कला करतोय असं वाटलंच असेल असं नाही. मासिकाला उद्या सकाळी फोटो हवा असायचा. ते रात्री प्रिंट करायचे, मागे शिक्का मारायचे आणि पाकिटात घालून पाठवायचे. संपादक त्यावर लाल पेन्सिलीने खुणा करायचा, छापून झालं की फोटो फायलीत किंवा कचऱ्यात जायचा. म्हणूनच त्या वेळच्या प्रती आज थोड्या उरल्या आहेत.

कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे १९६७च्या जून महिन्यात तीन दिवसांचा संगीत महोत्सव झाला. १८ जूनच्या दुपारी पंडित रविशंकर तिथे सतार वाजवायला बसले, साथीला तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ. त्याच रात्री जिमी हेंड्रिक्सने वादनाच्या शेवटी आपली गिटार पेटवली. मंचाला खेटून, खुर्चीवर उभं राहून एड कराएफ नावाचा १७ वर्षांचा पोरगा फोटो काढत होता. त्याने टिपलेला तो क्षण रॉकच्या इतिहासातला सर्वांत ओळखीचा फोटो ठरला. मूळ फोटो कृष्णधवल आहे. केशरी ज्वाळांचा जो रंगीत फोटो आपण बघतो, तो नंतर रंगवलेला.

छायाचित्रकार पेनी स्मिथ यांची गोष्ट आणखी बोलकी आहे. सप्टेंबर १९७९ मध्ये न्यूयॉर्कला 'द क्लॅश' या वाद्यवृंदाचा कार्यक्रम चालू असताना त्यातला पॉल सिमोनन वैतागला आणि हातातली बास गिटार मंचावर आपटायला निघाला. स्मिथ मागे सरकत फोटो काढत होत्या. फोटो धूसर आला. तो छापू नये, नीट आलेला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. वाद्यवृंदाने मात्र तोच फोटो 'लंडन कॉलिंग' या अल्बमच्या वेष्टनावर घेतला. ज्या धूसरपणामुळे तो बाद व्हायचा होता, त्याच धूसरपणात त्या आपटण्याचा जोर उतरला आहे.

अस्सल म्हणजे काय?

बाजारात एकाच फोटोच्या चार जातींच्या प्रती असतात. त्यांची किंमत वेगळी आणि ती का वेगळी, हे समजून घेतलं पाहिजे.

पहिली जात व्हिंटेज प्रिंट. फोटो काढल्यानंतर थोड्याच वर्षांत, साधारण पाचेक वर्षांच्या आत, छायाचित्रकाराने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली केलेली प्रत. वर सांगितलेली मासिकांची प्रत ही यातलीच. तिच्यावर बोटांचे ठसे, दुमडलेले कोपरे, संपादकाच्या खुणा असतात. या खुणांनी तिची किंमत वाढते, कारण त्या तिच्या प्रवासाची साक्ष देतात.

दुसरी जात मागाहून केलेल्या प्रतीची. छायाचित्रकार हयात आहे, पण निगेटिव्ह जुनी आणि कागद नवा. अशा प्रतींची संख्या बहुधा ठरलेली असते. कडेला पेन्सिलीने १२/५० असं लिहिलेलं असेल, तर एकूण ५० प्रतींतली ही बारावी. शेजारी छायाचित्रकाराची सही. इथे घेणाऱ्याने एक प्रश्न विचारायलाच हवा. ५० प्रती या एकाच आकाराच्या, की सगळ्या आकारांच्या मिळून? लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तिन्ही आकारांच्या ५०-५० प्रती असतील तर एकूण प्रती १५० झाल्या. त्यातच छायाचित्रकाराने स्वतःकडे ठेवलेल्या प्रती वेगळ्या असतात.

तिसरी जात छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर वारसांनी काढलेल्या प्रतींची. त्यांवर सहीऐवजी वारसांचा किंवा संस्थेचा शिक्का असतो. छायाचित्रकार जिम मार्शल २०१० साली गेले, मिक रॉक २०२१ साली गेले. त्यांच्या हातची नवी सही आता कोणत्याही कागदावर होणार नाही. चौथी जात म्हणजे पोस्टर. यंत्रावर हजारोंनी छापलेलं. बारीक भिंगाखाली धरलं तर पोस्टरवर छपाईचे ठिपके दिसतात. चांदीच्या प्रिंटमध्ये असे ठिपके नसतात, सावली अखंड उतरत जाते. दहा पट मोठं दाखवणारं भिंग जवळ असलं तर ही परीक्षा कोणीही घरी करू शकतो.

फसवणूकही या चार जातींच्या सांध्यांतच होते. लुईस हाइन या अमेरिकन छायाचित्रकाराने कारखान्यांत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढले. ते १९४० साली वारले. पुढे १९९०च्या दशकात त्यांच्या म्हणून विकल्या गेलेल्या काही प्रतींबद्दल शंका आली. तपासणाऱ्यांनी त्या अतिनील दिव्याखाली धरल्या. कागद निळसर उजळला. कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात मिसळायची ही उजळणारी द्रव्यं फोटोच्या कागदात आली ती १९५०च्या दशकात. हाइन तोवर हयातच नव्हते. फोटो त्यांचा, पण कागद त्यांच्या हातून गेलेला नव्हता.

आणखी एक गोष्ट संग्राहकाने पक्की ध्यानात ठेवावी. प्रत विकत घेतली म्हणजे फोटो छापायचा हक्क विकत घेतला असं नाही. भारतात २०१२च्या दुरुस्तीपासून छायाचित्राचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये सदबीजने लंडनला फ्रेडीच्या घरातल्या वस्तूंचा लिलाव केला. तो ज्यावर गाणी बांधायचा, तो यामाहा पियानो १७ लाख पौंडांवर गेला. एकूण विक्री ४ कोटी पौंडांच्या आसपास झाली. तसाच यामाहा दुकानात नवा मिळेल. पण त्यावर ती बोटं फिरलेली नसतील. चांगल्या प्रिंटचंही असंच आहे. तो कागद त्या माणसाच्या हातून, त्या काळातून आलेला असतो. आणि तसा तो आला आहे हे सिद्ध करते त्याची मागची बाजू.

आपल्या गायकांचे चेहरे

आपल्याकडे रॉकचं वेड शहरांपुरतं राहिलं, पण गाणाऱ्याचा चेहरा जपायची हौस जुनी आहे. बालगंधर्वांचं गाणं आज आपण ध्वनिमुद्रिकांवर ऐकतो. पण भामिनी, सिंधू, रुक्मिणी या भूमिकांतला त्यांचा डौल आपल्यापर्यंत पोचला तो मुख्यतः फोटोंतून. पदराची घडी आणि मानेची लकब बघून आपल्या आज्या-पणज्या लुगडं कसं नेसत, याची चर्चा आजही होते.

गौतम राजाध्यक्ष यांनी गायक आणि अभिनेत्यांची व्यक्तिचित्रं टिपली आणि 'चेहरे' हे त्यांचं पुस्तक मराठी घरांत पोचलं. पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पुण्यात दरवर्षी भरतो. तिथल्या गायक-वादकांच्या मुद्रा सतीश पाकणीकर यांनी वर्षानुवर्षं टिपल्या, त्यांची प्रदर्शनं भरवली, दिनदर्शिका काढल्या. डोळे मिटून षड्ज लावणारा गायक आणि मान मागे टाकलेला फ्रेडी, दोघांच्या चेहऱ्यावर स्वराचा ताण सारखाच दिसतो.

चंद्रपूरच्या सीमेला लागून असलेल्या आदिलाबाद भागात क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ १९४०च्या दशकात राजगोंडांमध्ये राहिले. गोंडांच्या कथा गाणारे परधान, त्यांची तारवाद्यं, दंडारीचे नाचे यांची त्यांनी नोंद केली, फोटो काढले. त्यांचे हजारो फोटो आज लंडनच्या 'सोआस' या संस्थेत आहेत, वर्गवारी लावून जपलेले. ज्यांचे पणतू आज राजुरा-जिवतीच्या आसपास नांदतात, अशा लोकांच्या जगाचं चित्र एवढ्या दूर सुखरूप राहिलं, कारण तिथे फोटोंबरोबर गाव आणि प्रसंग लिहून ठेवायची शिस्त होती.

झाडीपट्टीची ओसरी

आता परत नागभीडला. दिवाळीनंतर धान घरात आलं की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या झाडीच्या मुलखात मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि रात्री नाटक. रात्री पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत माणसं उठत नाहीत. वडसा-देसाईगंज हे नाटक मंडळ्यांचं माहेर. गाण्याला वन्समोअर येतो, खूश झालेला प्रेक्षक मंचावर बक्षीस देतो. ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. हजारो प्रयोग केलेला हा माणूस या मुलखाचा मानबिंदू आहे. इथली नटमंडळी आणि गायक म्हणजे आमच्या लोकांच्या लेखी क्वीन आणि हेंड्रिक्सच.

त्यांचे फोटो कुठे आहेत? जुने कृष्णधवल फोटो ओसरीच्या भिंतीवर आणि लोखंडी पेटीत आहेत. रंगीत फोटो लालसर पडून विरत चालले आहेत. अलीकडचे चेहरे फ्लेक्सवर असतात. हंगाम संपला की तोच फ्लेक्स धानाच्या पुंजण्यावर किंवा गळक्या छपरावर जातो. चैत्र-वैशाखात ४७ अंशांची आग आणि आषाढात भिंतीला पाझर फोडणारा पाऊस, असं आमचं हवामान. ओलीत जिलेटिन फुगतं आणि काचेला चिकटतं. हेच जिलेटिन कसरीलाही आवडतं. घाईत हायपो नीट धुतला गेला नसेल तर चांदी पिवळी पडते.

पण यावर इलाज आहे आणि तो महाग नाही. काचेला चिकटलेला फोटो ओढू नये, थर काचेवरच राहून जाईल. काचेसकट त्याची प्रत स्कॅन करून घ्यावी. नवी फ्रेम करताना फोटोभोवती जाड पुठ्ठ्याची खिडकी ठेवावी, म्हणजे काच आणि फोटो यांच्यामध्ये हवा खेळते. लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये. पावसाळ्यात फ्रेम ओल्या भिंतीवरून उतरवावी. आणि मागच्या कडेला मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावं. बॉलपेनने नको, त्याचा दाब पुढे उमटतो. प्लास्टिकच्या कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून फोटोबरोबर पाकिटात ठेवावं.

मामाच्या फोटोचं आम्ही तेच केलं. दुपारभर ओसरीवर बसलो. सातपैकी पाच नावं मामाने सांगितली. उरलेल्या दोघांसाठी पलीकडच्या आळीतल्या म्हाताऱ्या आजीला बोलावलं. तिने फोटो डोळ्यांजवळ नेला आणि राजाशेजारच्या लुगड्यातल्या बाईवर बोट ठेवलं. ती बाई नव्हतीच, गावातलाच एक तरुण होता. त्याच्या गाण्याला किती वन्समोअर पडायचे, हे सांगताना तिचा आवाज चढला. मग तिने सातवं नावही सांगितलं. मी फ्रेमच्या मागच्या कोऱ्या कागदावर नावं लिहिली, गावाचं नाव लिहिलं, मंडई लिहिलं. नाटकाचं नाव मामाला आठवलं, साल आठवलं नाही. थोरल्या मुलाच्या जन्माच्या आदल्या हिवाळ्यात, एवढं तो ठामपणे म्हणाला, मी ते तसंच लिहिलं.

खाली लिहिलं, 'फोटो काढणारा :' आणि पुढची जागा मोकळी सोडली. पुढच्या मंडईला तो फोटो घेऊन मी ब्रह्मपुरीच्या जुन्या स्टुडिओंत जाणार आहे.